ग्रेड टू फॅटी लिव्हर आलंय, पण मिस्टर तर थेंबभर घेत नाहीत!

पत्र: "ताई, मी सांगलीची, वय ३९. मिस्टर ४६ वर्षांचे, पतसंस्थेत आहेत, दिवसभर बसून काम. चेकअपमध्ये सोनोग्राफीत 'ग्रेड टू फॅटी लिव्हर' आलंय. एसजीओटी ५२, एसजीपीटी ७१, प्लेटलेट १ लाख ८२ हजार, शुगर बॉर्डरवर. वजन ७१ किलो, उंची पाच फूट पाच इंच, म्हणजे जाड अजिबात नाहीत, फक्त पोट थोडं पुढे आहे. दारूला शिवत नाहीत तरी जाऊबाई हसत म्हणाल्या, चोरून घेत असतील. सासूबाईंनी गुळवेलीचा काढा सुरू केलाय. डॉक्टर फायब्रोस्कॅन करा म्हणतात तर दीर म्हणतो ही सगळी पैसे उकळायची कामं, फॅटी लिव्हर आजकाल सगळ्यांनाच असतं. पित्ताची गोळी मात्र दोन वर्षं रोज सुरू आहे. बाकी काही नाही, दहावीत असताना अपघात झाला होता, पाय मोडला, तेव्हा रक्त चढवलं होतं, पण त्यानंतर कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत. मी घाबरू का नको? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल."

अगं, मग तूच म्हणते, माझी धाकटी बहीण तुझ्यापेक्षा मोठी आहे. आणि एक आधीच सांगून ठेवते, नेहमीचे वाचक कंटाळले असतील ऐकून, मी डॉक्टर नाही. २७ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या ट्यूबा फिरवल्या, त्यातली बरीच वर्षं पोटाच्या आणि लिव्हरच्या पेशंटची. त्यामुळे रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगेन, औषध तुझे डॉक्टर सांगतील.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सगळ्यात जास्त खटकलं ते ग्रेड टू नाही, एसजीपीटीही नाही (एसजीओटी-एसजीपीटी म्हणजे लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारी एन्झाइम्स). 'बाकी काही नाही' म्हणून तू शेवटी जे टाकलंयस ना, दहावीतला अपघात आणि चढवलेलं रक्त, तिथे मी थांबले. त्यावर येते, आधी ग्रेडचं बघू कारण तुझी झोप त्याने उडवलीय.

सोनोग्राफीतला ग्रेड म्हणजे काय तर स्क्रीनवर लिव्हर किती पांढरं चमकतंय त्याचा डोळ्याने केलेला अंदाज. शेजारच्या किडनीशी तुलना करतात, थोडं जास्त चमकलं तर ग्रेड वन, अजून चमकलं तर टू, मागचं काही दिसेनासं झालं तर थ्री. आज एका सेंटरला टू म्हणतील, उद्या दुसरा डॉक्टर त्याच लिव्हरला वन म्हणेल, यात कोणाची चूक नाही, डोळाच तो. पण लोक काय करतात, ग्रेडला कॅन्सरच्या स्टेजसारखं धरतात, दोन म्हणजे अर्धं लिव्हर गेलं. असं काही नसतं गं. ग्रेड चरबीचा आहे. आणि चरबी हा त्यातला निम्माच प्रश्न, खरा प्रश्न आहे की त्या चरबीमुळे आत सूज येऊन लिव्हरवर व्रण पडायला लागलेत का. भाजल्यावर कातडीवर कसा कडक वण राहतो, तसे बारीक वण लिव्हरमध्ये आतून पडत जातात, त्याला फायब्रोसिस म्हणतात, आणि ते वाढत वाढत सगळं लिव्हर गाठीगाठींचं झालं की सिऱ्हॉसिस. मजा बघ (मजा कसली म्हणा), सिऱ्हॉसिस पुढे गेला की कधीकधी चरबी विरघळून जाते आणि सोनोग्राफीत ग्रेड कमी झाल्यासारखा वाटतो, घरचे खूश होतात की लिव्हर सुधारलं! म्हणून ग्रेड टू बघून रडायचंही नाही आणि ग्रेड वन बघून पेढे वाटायचे नाहीत.

आता हा वण पडलाय का ते कळायचं कसं. मी लॅबला लागले तेव्हा एकच रस्ता होता, बरगड्यांमधून जाड सुई घालून लिव्हरचा तुकडा काढायचा, बायोप्सी. पेशंट आदल्या दिवसापासून घाबरलेला, नंतर कित्येक तास पडून राहायचं, रक्तस्राव तर होत नाही ना बघायचं, आणि एवढं करून तो तुकडा सगळ्या लिव्हरच्या जेमतेम पन्नास हजाराव्या भागाएवढा. खिचडीतलं एक शीत काढून मिठाचा अंदाज घेतल्यासारखं, जिथे मीठ नीट मिसळलेलंच नाही अशा खिचडीतलं. आजही काही ठिकाणी बायोप्सी लागते, पण फॅटी लिव्हरच्या बहुतेक लोकांना आता नाही लागत.

आता पहिली पायरी फुकट आहे. तुझ्या हातात जो रिपोर्ट आहे ना, त्यातच आहे. फिब-फोर म्हणून एक हिशोब आहे, २००६ पासून वापरात आहे, त्याला लागतात फक्त चार गोष्टी, वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढ, माझ्याबरोबर कर. वय ४६ गुणिले एसजीओटी ५२, झाले २३९२. आता प्लेटलेट हजारात घ्यायच्या, म्हणजे १८२, त्याला एसजीपीटीच्या वर्गमूळाने गुणायचं, ७१ चं वर्गमूळ ८.४३, झाले साधारण १५३४. वरच्याला खालच्याने भाग, आले १.५६. हा आकडा १.३ च्या खाली असता तर मी म्हटलं असतं, स्कॅनची घाई नको, वजनाकडे लक्ष द्या, दोन-तीन वर्षांनी परत हिशोब करा (शुगर असेल तर आधी, वर्षा-दोन वर्षांनी). २.६७ च्या वर असता तर म्हटलं असतं, पत्र लिहीत बसू नकोस, आधी गॅस्ट्रोच्या डॉक्टरकडे जा. मिस्टरांचा आलाय मधला, म्हणजे या हिशोबाला स्वतःलाच नक्की सांगता येत नाही. आणि मधला आला की पुढची पायरी फायब्रोस्कॅनच असते. तेव्हा दिराला सांग, डॉक्टर पैसे उकळत नाहीयेत, अगदी पुस्तकाप्रमाणे चाललेत. उलट चेकअपच्या पॅकेजमध्ये पन्नास टेस्ट करून हा साधा भागाकार कोणी करून देत नाही याचा मला राग येतो. वय ३५ च्या खाली असेल तर हा हिशोब नीट चालत नाही आणि ६५ च्या वर असेल तर १.३ ऐवजी २ ची रेषा धरतात, हे बाकीच्या वाचकांसाठी, कारण आता सगळे आपापले रिपोर्ट काढून बसणार मला माहितीय.

फायब्रोस्कॅनमध्ये घाबरण्यासारखं काही नाही. बाजारात कलिंगड घेताना आपण थापटून बघतो ना, तोच प्रकार. पाठीवर झोपवतात, उजवा हात डोक्याखाली, बरगड्यांच्या मधे जेल लावून एक दांडी टेकवतात आणि ती हलकेच ठोका देते, टिचकी मारल्यासारखं वाटतं. त्या ठोक्याची लाट लिव्हरमधून किती वेगाने पळते ते मशीन मोजतं, मऊ लिव्हरमध्ये हळू, कडक झालेल्यात वेगात. असे दहा ठोके घेतात, दहा मिनिटांत काम होतं, सुई नाही, भूल नाही, रेडिएशन नाही. फ्रान्समधून हे मशीन २००३ च्या सुमारास बाहेर आलं आणि माझ्या डोळ्यादेखत बायोप्सीच्या ट्रेची गर्दी कमी झाली. फक्त आधी तीन तास काही खायचं नाही, चहा पण नाही, कारण जेवणानंतर लिव्हरकडे रक्त जास्त जातं आणि आकडा उगाच वर येतो, हे सेंटरवाले सांगायला विसरतात आणि लोक मिसळ खाऊन जातात.

रिपोर्टवर दोन आकडे येतील. एक कॅप, तो चरबीचा, त्याच्यावर फार जीव टांगू नकोस. दुसरा किलोपास्कलमध्ये, केपीए लिहिलेलं असतं, तो कडकपणाचा. ८ च्या खाली असेल तर मोठा वण असण्याची शक्यता फार कमी, सुटकेचा श्वास सोड आणि वजनाच्या मागे लाग. ८ ते १२ मध्ये डॉक्टर अजून तपासतील, १२ च्या वर गेला तर नेहमीचे फॅमिली डॉक्टर पुरे नाहीत, लिव्हरवाल्यांकडेच जायचं. पोट फार सुटलेलं असेल तर मोठी दांडी लागते, ती त्या सेंटरला आहे का विचारून घे. सांगलीत कुठे करतात आणि किती घेतात ते दोन-तीन ठिकाणी फोन करून विचार, रेटमध्ये बराच फरक असतो, आणि कधीकधी कॅम्पमध्ये अगदी स्वस्तात किंवा फुकटसुद्धा होतो.

आता ते रक्त. हिशोब केला तर मिस्टर दहावीत होते ते साल १९९५-९६ असणार. हिपॅटायटिस सी चा व्हायरस सापडला १९८९ मध्ये, त्याच्या आधी आम्ही रिपोर्टमध्ये 'नॉन-ए नॉन-बी' असं लिहायचो, म्हणजे कावीळ आहे, ए नाही, बी नाही, मग काय आहे देव जाणे. आणि आपल्याकडे चढवायच्या रक्ताची हिपॅटायटिस सी साठी तपासणी सक्तीची झाली ती या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे तुझ्या मिस्टरांना चढवलेली बाटली त्या व्हायरससाठी तपासलेली नसण्याची शक्यता बरीच आहे. हा व्हायरस वीस-तीस वर्षं शांत बसतो, ना ताप ना कावीळ, फक्त एसजीपीटी थोडा वर, आणि सोनोग्राफीत चरबी दिसली की सगळे म्हणतात 'फॅटी लिव्हर आहे, चालायला जा'. दोन्ही एकत्र पण असू शकतं. म्हणून माझं ऐक, फायब्रोस्कॅनच्या आधी दोन साध्या टेस्ट कर, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी साठी) आणि अँटी-एचसीव्ही (सी साठी). आयुष्यात एकदा तर करायच्याच असतात. दोन्ही निगेटिव्ह येतील अशीच शक्यता जास्त आहे, घाबरवत नाहीये तुला, पण फॅटी लिव्हर म्हणायच्या आधी हे बघून घ्यायचं असतं.

आणि समजा सी पॉझिटिव्ह आलाच, तर यातली चांगली बातमी मी तुला आनंदाने सांगते कारण याची वाईट बाजू मी जवळून बघितलीय. पूर्वी यावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, सहा महिने, वर्षभर, इंजेक्शन घेतलं की थंडी वाजून ताप, केस गळायचे, माणूस उदास व्हायचा, आमच्याकडे एक शाळामास्तर यायचे ते दर आठवड्याला वजन कमी झालेले दिसायचे आणि एवढं सोसून कितीतरी जण बरे व्हायचेच नाहीत. मग २०१३ च्या शेवटी सोफोसब्युविर आली. अमेरिकेत तेव्हा एका गोळीला १००० डॉलर, आणि कोर्स ८४ दिवसांचा! मग भारतातल्या कंपन्यांना बनवायची परवानगी मिळाली आणि किंमत कुठल्या कुठे आली. आज बहुतेकांना बारा आठवडे तोंडाने गोळ्या घ्यायच्या आणि शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास बरे होतात, बरे म्हणजे व्हायरस शरीरातून जातो. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या गोळ्या आणि व्हायरल लोडची टेस्ट (रक्तात व्हायरस खरंच आहे का, किती आहे ते सांगणारी) सरकारी केंद्रांत मोफत मिळते, सिव्हिलला चौकशी कर. एक लक्षात ठेव, अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरस आत आहेच असं नाही, तो कधीतरी येऊन गेला असेल तरी अँटीबॉडी राहते, त्यामुळे व्हायरल लोड केल्याशिवाय घरात रडारड नको. हा व्हायरस शोधणाऱ्या तिघांना २०२० चं नोबेल मिळालं तेव्हा मी घरी टीव्हीसमोर एकटीच टाळ्या वाजवत होते, नातू म्हणाला आजीला काय झालं.

आता 'जाड अजिबात नाहीत' हे वाक्य. पाच फूट पाच इंच आणि ७१ किलो म्हणजे बीएमआय २६ येतो. आपल्या लोकांसाठी रेषा २३ ची आहे आणि २५ च्या वर लठ्ठच म्हणतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो फार गाजलाय, २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता, ते आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी उभे, दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या २१.२ टक्के! दिसायला दोघेही सडपातळ. आपली चरबी हातापायावर दिसत नाही गं, ती पोटात आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये जाऊन बसते. तू म्हणतेस ते 'थोडं पुढे आलेलं पोट' हाच मुद्दा आहे, टेप घे आणि बेंबीच्या पातळीवर मोज, पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या वर म्हणजे जास्त, बायकांना ८० च्या वर (हो, तुझं पण मोज).

जाऊबाईंना सांगायला एक गोष्ट देते. या आजाराला पूर्वी 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर' म्हणायचे, म्हणजे नावातच दारू, तीही नकारात. २०२३ मध्ये जगभरच्या लिव्हर डॉक्टरांनी मिळून ते नावच बदललं, दारूचा उल्लेख काढून टाकला आणि 'मेटाबॉलिक' शब्द आणला कारण मूळ शुगर, पोट, बीपी, कोलेस्टेरॉल यात आहे, आणि पेशंटकडे बघून लोक जसं हसतात तसं हसू नये हेही एक कारण होतं. दारू न पिणारे म्हणून ते सुटत नाहीत एवढंच खरं, आणि आता लिव्हर असं असताना 'लग्नात एखादा पेग' पण नको.

काढा मात्र बंद. सासूबाईंना दुखवायचं नाही मला, माझ्या आईनेपण आम्हाला कडू काढे पाजलेत. पण कोविडच्या काळात रोज गुळवेल घेणाऱ्या लोकांमध्ये लिव्हरला जोरदार सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलं होतं, सहा पेशंट होते. त्यावर वादही झाला, आयुष मंत्रालयाने म्हटलं की तशीच दिसणारी दुसरी वेल असेल. मी म्हणते असेलही, पण कुंपणावरची वेल नेमकी कुठली हे सासूबाईंना तरी कुठे माहितीय? एसजीपीटी आधीच वर असताना प्रयोग नकोत, शिवाय काढा चालू ठेवून आकडा अजून वाढला तर डॉक्टरांना कळणार नाही की आजार वाढला का काढा लागला. ग्रीन टीच्या कॅप्सूल, 'लिव्हर डिटॉक्स' पावडरी, जिममधल्या पुड्या, सगळ्याला हेच. आणि आत्तापर्यंत किती दिवस काढा घेतला ते डॉक्टरांना सांग, लपवू नकोस.

औषधं आलीत का, तर आलीत. भारतात साराग्लिटाझार आहे, आपल्याकडच्याच कंपनीची, तिला २०२० मध्ये या आजारासाठी परवानगी मिळाली. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आली, खास लिव्हरच्या या आजारासाठी तिथली पहिलीच, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथेच सेमाग्लुटाइडलाही मान्यता मिळाली, ते वजनाचं इंजेक्शन ज्याच्या रील्स तुझ्या मोबाईलवर पण येत असतील. पण तिकडची ही दोन्ही मधल्या टप्प्याचा वण असलेल्यांसाठी आहेत, किलोपास्कलचा आकडा माहीत नसताना कोणाच्या ओळखीने इंजेक्शन आणायचं नाही, उलट्या आणि पित्ताचे खडे हे त्याचे साईड इफेक्ट मी कमी बघितले नाहीत. कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली तर मात्र 'लिव्हर खराब होईल' म्हणून ती बंद करू नका, फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन चालते, आणि या लोकांना लिव्हरच्या आधी हार्टच दगा देतं.

मिस्टरांसाठी आज तरी सगळ्यात जास्त पुरावा असलेलं औषध आहे पाच किलो. ७१ चे ६६ झाले म्हणजे सात टक्के उतरले, एवढ्यावर सूज कमी व्हायला लागते, दहा टक्के म्हणजे सात किलो उतरले तर वणसुद्धा मागे हटू शकतो. सहा महिने घे, महिन्यात पाच किलो उतरवायचा उपास नको, एकदम उतरवलं तर लिव्हर उलट बिघडतं. पतसंस्थेत चहा किती होतो? पाच कप धर, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम साखर फक्त चहातून. तिथून सुरुवात कर, भाकरी-भाजी नंतर बघू. काळी बिनसाखरेची कॉफी घेत असतील तर घेऊ दे, दोन-तीन कप, कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचे वण कमी दिसतात. संध्याकाळी जेवणाआधी पाऊण तास चालायला तू बरोबर जा, एकटे जाणार नाहीत, पुरुषांचं मला माहितीय.

पित्ताच्या गोळीबद्दल थोडक्यात. दोन वर्षं रोज लागतेय म्हणजे कारण शोधलं पाहिजे. गिळताना अडकणं, काळी शी, आपोआप वजन कमी होणं, हिमोग्लोबिन घसरणं यातलं काही असेल तर थेट एंडोस्कोपी. नसेल तर डॉक्टरांना एच. पायलोरीच्या टेस्टबद्दल विचार. पोटातल्या ॲसिडमध्ये जगणारा हा जंतू आहे, ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शलवर कोणी विश्वास ठेवेना म्हणून १९८४ मध्ये त्याने तो जंतू स्वतः पिऊन दाखवला, २००५ ला नोबेल मिळालं. फुंकर मारायची किंवा शौचाची टेस्ट असते, आणि डॉक्टरांना विचारून त्याआधी दोन आठवडे ही गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असून निगेटिव्ह येतो. रक्तातली अँटीबॉडी टेस्ट करू नकोस, ती जुनं-नवं ओळखत नाही.

तर सोमवारी आधी एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही, त्याच रक्तात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) पण टाकायला सांग म्हणजे बॉर्डरवरची शुगर खरंच बॉर्डरवर आहे का कळेल, मग तीन तास उपाशी ठेवून स्कॅन. रिपोर्ट आले की मला परत लिही, पण ग्रेड नको सांगूस, केपीएचा आकडा सांग.